बॅटरी डिकीत न्यायची म्हणतोस

दुकान आता तू बघतोस, तेव्हा लग्नसराई तोंडावर यायच्या आत हे तुझ्या कानावर घालून ठेवतो. मार्च उजाडला की आपल्या बाळापुरात, हिंगोली-नांदेड रस्त्यावर शटर उघडून बसलेल्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे एक गिऱ्हाईक ठरलेलं असतं. "काका, बॅटरी मागं डिकीत टाकून द्या." कुणाला मोठे वूफर वाजवायचे असतात, कुणी जुन्या मारुतीत मोठं इंजिन बसवून घेतलेलं असतं आणि बोनेटमध्ये जागाच उरलेली नसते, तर कुणी मोबाइलवर रॅलीच्या गाड्या बघून पेटलेला असतो. काम दिसायला सोपं आहे. अर्ध्या दिवसात उरकतं, आणि बहुतेक ठिकाणी उरकलेलंच असतं.

गिऱ्हाइकाला दिसतं बारा-पंधरा किलोचं डबडं इकडून तिकडं जाताना. आपल्याला दिसली पाहिजे ती तार. बॅटरी पुढं असते तेव्हा तिच्यापासून सेल्फपर्यंतची जाड तार हातभर असते आणि ती इंजिनापाशीच राहते. मध्ये पोलादी पत्रा, त्याच्या अलीकडं माणसं. बॅटरी मागं गेली की तीच तार चार-पाच मीटर होते आणि घरची बाईमाणसं, लेकरं जिथं पाय ठेवून बसतात त्याच मॅटखालून जाते. चावी काढली, गाडी दारात लावली, सगळे झोपले, तरी ती जिवंतच. हेडलाइटची तार बॉडीला लागली तर दहा-पंधरा अँपिअरचा फ्यूज उडतो आणि विषय संपतो. ही तार पत्र्याला टेकली तर चांगल्या बॅटरीतून हजाराच्या वर अँपिअर निघतात. तांब्यावरचं आवरण वितळायला आणि खालच्या मॅटने पेट घ्यायला फार वेळ लागत नाही. पुढं जे सांगतो ते सगळं या एका तारेपायी.

आधी गिऱ्हाइकाला विचार, कशाला हलवायची? निम्मी कामं इथंच मिटतात. "वजन मागं गेलं की गाडी रस्ता धरते," असं म्हणणाऱ्याला सांग की लहान पेट्रोल गाडीतली 35 एएचची बॅटरी दहा किलोच्या आसपास भरते. मागच्या सीटवर शाळेचं दप्तर घेतलेलं पोरगं बसलं तरी यापेक्षा जास्त वजन मागं जातं. शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागाला किंमत असते, तिथं हे ठीक. कळमनुरीच्या बाजाराला जाणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. वूफरवाल्याला सांग की बॅटरी पुढंच राहू दे, ॲम्प्लिफायरपुरती फ्यूज घातलेली वेगळी तार मागं नेऊ. सेल्फची तार हलवायची गरजच पडत नाही.

एक कारण मात्र मला पटतं, ते म्हणजे उष्णता. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळीशीच्या वर चढतो आणि बोनेटखाली त्याहून किती तरी जास्त तापतं. शिशाच्या बॅटरीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, हा या धंद्यातला जुना हिशेब आहे. म्हणून तर मराठवाड्यात बॅटऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर धडाधड बसतात. डिकीत तिला गारवा मिळतो. मोठ्या कंपन्याही बॅटरी मागं देतात. बीएमडब्ल्यूच्या कित्येक मॉडेलांत बॅटरी कारखान्यातूनच डिकीत येते. 1959 ची पहिली मिनी, तिचीही डिकीतच होती. पण बीएमडब्ल्यूने त्या लांब तारेच्या बॅटरीकडच्या टोकाला बारूद भरलेलं टर्मिनल बसवलं. धडक झाली की एअरबॅगचा संदेश त्यालाही जातो आणि सेल्फची तार क्षणात बॅटरीपासून तोडली जाते. ज्यांनी मुळातच गाडी तशी आखली त्यांनासुद्धा त्या तारेची एवढी भीती वाटते, हे गिऱ्हाइकाला आवर्जून सांग.

फोक्सवॅगन बीटलचीही गोष्ट सांगून ठेवतो. तिची बॅटरी मागच्या सीटखाली. सीट जुनी झाली, स्प्रिंगा खाली लोंबल्या आणि वर जड माणूस बसलं की स्प्रिंग थेट टर्मिनलवर टेकायची. वर टाकलेलं झाकण कुणी हरवलं असेल तर सीटच पेटायची. जगभर हे झालंय. झाकण नसलेली बॅटरी माणसांच्या बाजूला नको, हे तिथून शिकावं.

आता काही गाड्या अशा आहेत की हात जोडून परत पाठवायच्या. डिकीत सीएनजीची किंवा एलपीजीची टाकी असेल तर काम घ्यायचं नाही, पैसे दुप्पट दिले तरी. सीएनजी दोनशे बारच्या दाबाने भरलेली असते. एखाद्या जोडातून बारीक गळती झाली आणि त्याच बंद जागेत बॅटरीच्या टर्मिनलवर ठिणगी पडली तर काय होईल हे सांगायला नको. एलपीजी तर हवेपेक्षा जड, ती डिकीच्या तळाशीच साचून राहते. दुसरं, 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्या. त्यांतल्या पुष्कळ गाड्यांच्या निगेटिव्ह टर्मिनलवरच सेन्सर बसलेला असतो आणि तो बॅटरीत किती गेलं, किती आलं याचा हिशेब गाडीच्या कॉम्प्युटरला देतो. तिथं हात घातलास की वॉरंटी गेली, आणि डॅशबोर्डवर दिवे लागले ते वेगळंच. तिसरं गिऱ्हाईक घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी घेऊन येतं. आपल्याकडं भारनियमनाने घरोघरी ती झाली, मग म्हणतात, "हीच टाका, दीडशे एएच आहे." ती बॅटरी हळूहळू, तास-दोन तास थोडी थोडी वीज देण्यासाठी घडवलेली असते. सेल्फला लागतो तो एका झटक्यातला मोठा करंट. शिवाय ती उंच, वजनाला पन्नास-साठ किलोची आणि वरून उघड्या झडपांची. गाडीत तिची जागाच नाही.

इतकं होऊन काम घेतलंसच, तर तारेपासून सुरुवात कर. केबल शुद्ध तांब्याची, बारीक तारांची, लवचीक. नांदेडला घ्यायला गेलास की दुकानात एक टोक सोलून बघ. कात्रीने कापलेल्या तारेच्या पोटात पांढरं दिसलं तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली. स्वस्त पडते, पण जाडी तीच असूनही करंट कमी वाहून नेते, आणि टोकाला बसवलेल्या लगच्या जोडाला काही महिन्यांत ढिली होते. जाडीचा हिशेब असा. तांब्याची पाच मीटरची 16 स्क्वेअर एमएम केबल घेतलीस आणि सेल्फने दोनशे अँपिअर ओढले तर वाटेतच एक व्होल्टच्या वर सांडतो. थंडीत पहाटे बॅटरी आधीच अकरावर उतरलेली असते, त्यातून एक गेला की इंजिन नुसतं कण्हतं. तीच केबल 35 एमएमची घेतली तर अर्धा व्होल्ट जातो, 50 ची घेतली तर त्याहून कमी. म्हणून लहान पेट्रोल गाडीला 35, आणि डिझेलला 50 च्या खाली उतरायचं नाही. जुनी बोलेरो, सुमो असेल तर 70. गिऱ्हाईक किमतीवरून कुरकुर करेल. केबलमध्ये काटकसर करायची असेल तर बॅटरी पुढंच राहू दे, म्हणावं.

वेल्डिंगची केबल चालते का, हे तू विचारशीलच. तांबं चांगलं असेल तर चालते. पण तिचं रबर पेट्रोल-ऑइलला फार काळ टिकत नाही आणि उंदराला ते गोड लागतं. हळदीच्या, सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर येणार हे गृहीतच धर. केबल कुठलीही असो, या टोकापासून त्या टोकापर्यंत ती जाड फ्लेक्सिबल पाइपात गेली पाहिजे. मध्ये जोड नको. एक अखंड तुकडा. लग दाबायला हायड्रॉलिक क्रिंपर वापर. हातोडीने ठोकून चपटा केलेला लग वरून घट्ट दिसतो, आत अर्ध्या तारा मोकळ्या असतात. नुसतं झाळणंही नको. जोड तापला की शिसं मऊ होतं आणि तार बाहेर सरकते. वरून डिंकवाली हीटश्रिंक नळी चढव, म्हणजे पावसाळी ओल आत शिरत नाही.

वाट निवडताना गाडीखाली आडवा हो आणि आधी नुसतं बघ. सायलेन्सर कुठून जातो, पेट्रोलचा पाइप कुठून, ब्रेकचा पाइप कुठून. त्या तिघांपासून केबल लांब राहील अशी वाट धर. पुष्कळ गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली किंवा डिकीच्या तळाखाली असते. तळाला भोक पाडण्याआधी ड्रिलचं टोक कुठं निघणार आहे हे खालून बघितल्याशिवाय बटण दाबायचं नाही. मला विचारशील तर केबल आतून, दरवाजाच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून न्यावी. खालून नेली तर चिखल, खडी आणि आपल्याकडचे रस्ते तिला सोलून काढतात. आतून नेताना सीटच्या बोल्टखाली, सीट मागंपुढं सरकते त्या पट्टीखाली ती दबत नाही ना, हे सीट दोन्ही टोकांना नेऊन बघ. पिवळ्या कनेक्टरची वायर दिसली तर ती एअरबॅगची किंवा बेल्टची. तिच्यावर केबल बांधायची नाही आणि तिला टेस्ट लॅम्प तर मुळीच लावायचा नाही. पत्र्यातून केबल पार जाते तिथं प्रत्येक भोकाला जाड रबरी ग्रोमेट हवाच. कापलेल्या पत्र्याची कड आणि इंजिनाची थरथर मिळून नायलॉनचा पाइपसुद्धा हळूहळू कापून काढतात. दर एक-दीड फुटावर क्लिप मार. हाताने ओढली तर हलता कामा नये.

फ्यूजची जागा बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत. पोरं तो पुढं, बोनेटमध्ये लावतात, कारण तिथं जागा असते आणि बदलायला सोपं जातं. पण फ्यूजच्या पलीकडची तारच तो राखतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली तार उघडीच. पुढं लावलास तर माणसांखालून जाणारे चारही मीटर उघडे राहिले. मोठे, बोल्टने आवळायचे फ्यूज मिळतात, 200 पासून 300 अँपिअरपर्यंतचे. 35 एमएमला 250 चा धर. सेल्फ पहिल्या क्षणी याहून जास्त ओढतो, पण तो झटका इतका लहान असतो की असा फ्यूज तेवढ्याने वितळत नाही. ज्या गाडीत सेल्फ वारंवार फ्यूज उडवतो, तिचा सेल्फ आधी दुरुस्त कर. मोठा फ्यूज टाकून सुटका करून घेऊ नकोस.

काही जुने मिस्त्री म्हणतील, कंपनी सेल्फच्या तारेला फ्यूज देत नाही, मग आपण कशाला? कंपनीची तार हातभर असते आणि धडकेला सगळ्यात आधी ती बॅटरीसकट पुढं चेपते. आपली तार मागून धडकणाऱ्या ट्रकच्याही वाटेत आहे.

आता अर्थ. इथं बहुतेकांचं काम फसतं आणि नाव बॅटरीचं बदनाम होतं. मागं निगेटिव्हची तार आखूड ठेवून बॉडीला दे. पण कुठं? डिकीचा पातळ पत्रा किंवा नंबरप्लेटजवळचा स्क्रू नव्हे. चॅसिसच्या जाड भागाला. रंग पार चकाकेपर्यंत घासून काढ, बोल्ट आवळ आणि वर ग्रीस किंवा रंगाचा हात दे, नाहीतर पहिल्या पावसातच गंज धरेल. ही तार पॉझिटिव्हइतकीच जाड हवी. जाणारा करंट तेवढाच परत येत असतो. आणि पुढं, इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थची पट्टी? पूर्वी निगेटिव्ह बॅटरीतून थेट इंजिनावर यायची, त्यामुळं ती पट्टी झिजली, तुटली तरी कुणाला कळत नव्हतं. आता सेल्फचा सगळा करंट तिच्यावरूनच परत जाणार. ती नवीन, जाड टाक. नाहीतर करंट आपली वाट शोधतो. ॲक्सिलरेटरची केबल, चोकची केबल, गिअरचा रॉड, जे धातूचं सापडेल त्यातून बॉडीकडं जातो. सेल्फ मारला आणि ॲक्सिलरेटरची केबल तापून लाल झाली अशी गाडी तुझ्याकडंही येईल. मालक म्हणेल केबल खराब आहे. तू अर्थची पट्टी बघ.

बॅटरी बसवायची ती डिकीच्या मधोमध नको आणि अगदी मागच्या टोकालाही नको, कारण मागून कुणी ठोकलं तर पहिली तीच चेपते. मागच्या चाकाच्या कमानीजवळ, खाली, पत्रा जाड असतो तिथं. रबरी दोरीने किंवा ट्रकच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेली बॅटरी मी आपल्या भागात पाहिली आहे. धडकेत वस्तूचा जोर काही क्षण वीसपट होतो असं धर. बारा किलोची बॅटरी दोनशे चाळीस किलो होऊन मागच्या सीटच्या पाठीवर येते. शर्यतीच्या गाड्यांसाठी एफआयए या जागतिक संस्थेचा नियम आहे, तोच आपण धरायचा. बॅटरी मूळ जागेवरून हलवली तर तिला इन्सुलेशन चढवलेल्या दोन धातूच्या पट्ट्या, किमान 10 मिलिमीटरचे बोल्ट, आणि प्रत्येक बोल्टला पत्र्याच्या पलीकडून किमान 3 मिलिमीटर जाडीची, 20 चौरस सेंटिमीटरची प्लेट. नुसता वॉशर लावलास तर झटक्याला तो पत्रा फाडून निघून येतो. पट्टी वेल्डिंगने जोडायची असेल तर बॅटरी गाडीबाहेर काढून, पेट्रोलची टाकी कुठं आहे ते बघून, आणि शक्यतो नकोच.

चार्ज होताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. बोनेटमध्ये वारा खेळतो, तिथं तो उडून जातो. डिकी बंद, आणि पुष्कळ गाड्यांत डिकी आणि मागची सीट यांच्यात फक्त पुठ्ठा असतो. त्यामुळं पाणी टाकायची साधी बॅटरी आत नकोच. सीलबंद एजीएम घे, आणि तिला बाजूला नळी लावायचं तोंड आहे ना ते बघून घे. सीलबंद म्हणजे गॅस येतच नाही असं नाही. डायनामोचा रेग्युलेटर बिघडून साडेचौदाच्या वर व्होल्ट जायला लागले की तिचीही झडप उघडते. म्हणून ती झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेव, आणि नळी तळाच्या भोकातून गाडीबाहेर काढ, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला. डिकी उघडली आणि सडक्या अंड्यासारखा वास आला तर सेल्फ मारू नको, लाइटचं बटणही दाबू नको. काचा-दारं उघड, वास जाऊ दे, मग मीटर लाव.

डबा लागतोच, त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या मुलखाचं आहे. शहरातल्या माणसाच्या डिकीत सुटकेस असते. आपल्याकडच्या डिकीत काय असतं ते तू रोज बघतोस. पहार, कुदळ, ट्रॅक्टर ओढायची साखळी, ठिबकचे जोड, फवारणी पंपाला लागणारं पेट्रोल प्लास्टिकच्या कॅनमध्ये. साखळीची एक कडी पॉझिटिव्हवर आणि दुसरी पत्र्यावर पडली की काम तमाम, शेजारी पेट्रोलचा कॅन आहेच. झाकण बोल्टने बंद होणारं हवं, आणि मालकाला तोंडावर सांगायचं की बॅटरी मागं आली म्हणजे पेट्रोलचा कॅन या डिकीत पुन्हा येणार नाही. त्याला ते जमत नसेल तर काम घेऊ नको.

बाहेरून बंद करायचा कट-ऑफ स्विच लावतोस तर लाव, चांगलंच. पण स्वस्तातला लाल चावीचा स्विच फक्त बॅटरी तोडतो. इंजिन चालू असताना तो फिरवला तर डायनामो इंजिनाला वीज देतच राहतो, गाडी बंद होत नाही आणि बॅटरीचा आधार गेल्यामुळं व्होल्टेज उसळून कॉम्प्युटर जळू शकतो. शर्यतीसाठीच्या स्विचला जादा टर्मिनल असतात, एक इग्निशन तोडायला, एक डायनामोचा झटका रेझिस्टरमधून जिरवायला. घ्यायचा तर तोच.

कामाचा क्रम तुला पाठ आहे, तरी सांगतो, कारण घाईत तोच विसरतो. हातातलं कडं आणि अंगठी काढून खिशात नाही, टेबलावर. गुरुद्वाऱ्याहून आणलेलं कडं असलं तरी. सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्ह आवळताना पाना बॉडीला टेकला तरी मग काही होत नाही. डोळ्यांवर चष्मा. ॲसिड डोळ्यात गेलं तर नळाखाली पंधरा-वीस मिनिटं डोळे उघडे धरून पाणी, मग थेट दवाखाना. खायचा सोडा जमिनीवर सांडलेल्या ॲसिडवर टाकायचा असतो, डोळ्यात नव्हे.

झालं की मीटरशिवाय गाडी सोडायची नाही. मदतीला एकाला बसव, त्याला सेल्फ मारायला सांग, आणि मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं सेल्फच्या मोठ्या बोल्टवर धर. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर केबल नाहीतर लग कमी पडतोय. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं सेल्फच्या अंगावर. तिथंही तेवढंच, खरं तर त्याहून कमी यायला हवं. सेल्फ फिरताना बॅटरीवर 9.6 च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू झाल्यावर 13.8 ते 14.4. मग गाडी वारंगा फाट्यापर्यंत नेऊन आण, आल्यावर प्रत्येक जोडाला हात लावून बघ. गरम लागला तो जोड सैल आहे.

बोनेटमध्ये झाकणासकट एक पॉझिटिव्हचा बोल्ट ठेव, म्हणजे बॅटरी बसली तर जंप द्यायला डिकी उघडावी लागणार नाही. कित्येक डिक्यांचं कुलूप विजेवरच उघडतं, हे लोकांना बॅटरी मेल्यावरच आठवतं. बोनेटच्या आतून ठळक मराठीत स्टिकर लाव: "बॅटरी डिकीत आहे." अपघातात गाडी कापून माणूस काढणारे लोक आधी बोनेट उघडतात आणि बॅटरी शोधतात. इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवायचं मालकाला सांग आणि ते बिलावर लिहून त्याची सही घे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीवरच्या तपशिलांत बदल करू नका म्हणतं. बॅटरीची जागा आरसीवर नसते, पण क्लेमच्या वेळी सर्व्हेअर पाच मीटरची उपरी तार बघून प्रश्न विचारणारच.

पहिल्या पावसाळ्यानंतर गाडी परत बोलावून घे. ग्रोमेट, अर्थचा बोल्ट, नळीचं तोंड आणि डब्याचे बोल्ट एवढं बघायला अर्धा तास पुरतो. नळीत कुंभारीण माशी चिखल भरून ठेवते, ते तारेने मोकळं कर.